तपासणीच्या दिवशीची सुट्टी

उंब्रजच्या पुढं उसाच्या रानात एक वस्ती आहे आणि वस्तीला दोन खोल्यांची शाळा आहे. चौथीपर्यंतचे वर्ग, अठ्ठावीस पोरं, दोन शिक्षक. एक मुख्याध्यापक दादासो गुरुजी, निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलेले. दुसऱ्या संयोगिताबाई. त्यांना नोकरी लागून जेमतेम तीन वर्षं झाली होती, आणि शिकवलं की पोरं शिकतात असं त्यांना अजून वाटायचं.

तिसरीत आठ पोरं होती. त्यातली सात वाचायची. कुणी घडाघडा, कुणी ठेचकाळत, पण वाचायची. आठवी सिमरन, यासीन पिंजाऱ्याची पोरगी. लगीनसराई आली की यासीन बायकापोरांसकट गाद्या भरत गावोगाव फिरायचा, त्यामुळं पोरीची पहिली आणि दुसरी निम्मी बाहेरच गेली. पहिलीत तिची अक्षरं निसटली आणि पुस्तक पुढं पळत राहिलं. ती मागं राहिलीय हे बघायला फुरसत कुणाला होती? एकेका शिक्षकाच्या गळ्यात दोन-दोन वर्ग, वर रोज मोबाइलवर माहिती भरायची. आज खिचडीची, उद्या हात धुतल्याची. पोरं वाचतात का, हे वर्षातनं एकदाच विचारायचं, आणि तेही पाहुण्यासारखं येऊन.

संयोगिताबाईंनी मात्र यंदा जूनपासून हट्ट धरला आणि पोरीला फिरतीवर न्यायचं नाही, असं यासीनला बजावलं. खिचडी झाली की अर्धा तास फक्त सिमरनचा. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांनी अक्षरांच्या चिठ्ठ्या केल्या. एक-एक आवाज ऐकायचा, चिठ्ठी उचलायची, शेजारी लावायची. ‘घर’ लावायला सिमरनला तीन आठवडे लागले. दिवाळीपर्यंत काना आला, संक्रांतीपर्यंत वेलांट्या आल्या. शब्दाशी झटताना तिच्या कपाळावर घाम यायचा, आणि शब्द सुटला की ती हसायची नाही, लगेच पुढचा मागायची. बाईंचा तिच्यावर जीव होता. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून कुणी म्हणेल, असल्यांना पोरांची कणवच नसते. कणव होती. कणव असून त्यांनी ते केलं.

फेब्रुवारीत निरोप आला, परवा तपासणी. साताऱ्याहून साहेब येणार आणि तिसरीच्या हजर पोरांना एक-एक करून उतारा वाचायला लावणार. सगळी वाचली तर ‘इथली सगळी पोरं वाचतात’ अशी पाटी शाळेच्या दारावर लागणार. एक जरी अडलं तर शाळा मागासांच्या यादीत, आणि वर खुलासा लिहून द्यायचा.

दादासो गुरुजींना डोकं खाजवावं लागलं नाही. ‘हजर पोरांना’ या दोन शब्दांवरच त्यांची उभी नोकरी निघाली होती. तपासणीच्या दिवशी कच्ची पोरं घरी ठेवायची आणि हजेरीत आजारी लिहायचं, हा त्या भागातला जुना रिवाज. साहेबांनाही तो ठाऊक, कारण साहेबही कधीकाळी मास्तरच होते.

“ती शब्द वाचायला लागलीय, गुरुजी,” बाई म्हणाल्या. “महिनाभर मिळाला तर उताराही वाचंल.”

“महिना कोन देतंय? परवा साहेब दारात. अडकली म्हंजे चारचौघांत पोरीचंच हसं व्हईल. ते बघवंल तुमाला?”

हे शेवटचं बाईंना पटलं. पटवून घ्यायचंच होतं, म्हणून पटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या यासीनच्या दारात गेल्या. तो अंगणात कापूस पिंजत होता. त्यानं यंत्र बंद केलं आणि केसांवरचा कापूस झटकत उभा राहिला.

“यासीनभाई, उद्या सिमरनला पाठवू नका.”

“का वो बाई? काय केलं काय तिनं?”

“तसं काही नाही. उद्या साहेब येणारेत. वाचायला लावतील.”

यासीनला समजायला वेळ लागला नाही. “व्हय, व्हय. बरुबर हाय तुमचं. आमच्या पोरीपायी शाळंचं नाव कशाला घालवायचं?” असं म्हणून वर त्यानंच माफी मागितल्यासारखे हात जोडले.

सिमरन उंबऱ्यात उभी होती. “बाई, मला येतंय की आता.”

“येतंय गं बाळा. साहेबांपुढं नको एवढंच. परवा आपण पुढचं घेऊ.”

तपासणी झकास झाली. सातांपैकी सात. दारावर पाटी लागली, गुरुजींनी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सिमरन शाळेत आली आणि काही झालंच नाही अशी चिठ्ठ्या घेऊन बसली. बाईंना हायसं वाटलं. पोरं विसरतात, असं त्या मनाशी म्हणाल्या. मोठ्या माणसांना हे फार सोयीचं असतं.

एप्रिलच्या एका दुपारी सिमरननं पुस्तकातला अख्खा उतारा वाचला. बोट ठेवून, दम खात, पण एकही शब्द न गाळता. बाईंचे डोळे भरून आले. साहेबांना आत्ता बोलवावं, असं त्यांना वाटलं.

आणि दुसऱ्याच दिवशी साहेब आले. फेरतपासणी, न कळवता. गाडी फाटकात थांबली तसा गुरुजींचा चेहरा उतरला, पण बाई खुशीत होत्या. आज आठपैकी आठ.

साहेब खुर्चीवर टेकतात न टेकतात, तोच सिमरननं दप्तर भरलं आणि ती उठली.

“कुठं निघालीस?” साहेबांनी विचारलं.

“घरी. साहेब आलेत न्हवं.”

गुरुजी घाईनं हसले. “जरा आजारी असती ती.” साहेबांना काय ते कळलं. त्यांनीही मान हलवली. “जाऊ दे, जाऊ दे.”

“नाही साहेब!” बाई पुढं झाल्या. “ती वाचते. पहिल्यांदा तिचंच ऐका.” त्यांनी तिला धरून आणलं आणि साहेबांच्या हातातला उतारा तिच्यापुढं केला.

सिमरननं कागदाकडं बघितलं. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. कुणीतरी मागं फिसकन हसलं.

“वाच गं सिमरन. काल वाचून दाखवलंस ना मला?”

“ते तुमच्यापुढं, बाई. साहेबांपुढं मला न्हाई येत.” ती रडत नव्हती. पाढा म्हणावा तसं सरळ बोलत होती. “तुमीच सांगितलं हुतं की, घरी येऊन.”

तिनं कागद टेबलावर नीट ठेवला, दप्तर पाठीला लावलं आणि निघाली. उन्हातनं फाटकापर्यंत जाताना ती सगळ्यांना दिसत होती. बाई तिच्यामागं दारापर्यंत गेल्या आणि पाटीखालीच थांबल्या.

साहेबांनी घड्याळ बघितलं. “चला बाई, पुढचा घ्या.”

बाईंनी पुढच्या पोराचं नाव घेतलं.