कोरड्या पट्ट्या

१९९८च्या मार्चमध्ये उल्का बोंद्रे चंडीगडच्या एका वैद्यकीय संशोधन संस्थेत रुजू झाली. ती अकोल्याची, पशुवैद्यक. डोळे कोरडे पडण्याच्या विकारावरचं एक औषध गिनिपिगवर तपासायचं होतं. ते घालण्याआधी निरोगी गिनिपिगच्या डोळ्यांत किती पाणी येतं, हे मोजून ठेवायचं, एवढंच तिचं पहिलं काम.

पद्धत साधी होती. टिपकागदाची अरुंद पट्टी खालच्या पापणीच्या आत अडकवायची, एक मिनिट थांबायचं आणि ती किती ओली झाली ते पाहायचं. विभागातल्या १९७२च्या प्रबंधात सरासरी दिली होती : आठ मिलिमीटर. प्रबंध डॉ. श्यामकांत देवस्थळींचा. आता तेच विभागप्रमुख होते आणि वर्षभरात निवृत्त होणार होते.

उल्काची पट्टी कोरडी निघाली. दुसरीही. बारा जनावरांचे चोवीस डोळे झाले, तरी आकडा एकाच्या वर जाईना.

"पट्टी नीट बसत नसेल," सर म्हणाले. दोघंच असले की ते मराठीत बोलत. "हात हलका ठेव. घाई करू नकोस."

तिने हात हलका ठेवला. पट्ट्यांचं खोकं बदललं. हवा कोरडी असेल म्हणून खोलीत पाण्याच्या बादल्या ठेवल्या. असे सात आठवडे गेले. घरी फोनवर ती कामाबद्दल बोलेनाशी झाली. एका दुपारी पट्टी कोरडी असताना तिने वहीत 'सहा' लिहिलं. मग आकडा खोडला, शेजारी शून्य लिहिलं आणि सही केली.

त्यानंतर तिने डोळ्याला स्पर्श किती कळतो ते तपासलं. नायलॉनचा बारीक तंतू बुबुळाला टेकवायचा. तंतू लांब असला की स्पर्श मऊ, आखूड केला की टोचरा. सहा सेंटिमीटरच्या तंतूने माणसाची पापणी मिटते. गिनिपिग मात्र नुसता बघत राही. तंतू दोन सेंटिमीटरवर आणला तेव्हा कुठे त्याची पापणी हलली. ज्या डोळ्याला तंतू जाणवत नाही, तो पट्टी टोचली म्हणून पाणी कशाला आणेल? चूक आपल्या हाताची नसावी, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

जनावरं धरायला प्राणिगृहाचे जुने कर्मचारी गुरमेल सिंग असत. मनीमाजऱ्याहून सायकलने येत.

"मॅडमजी, ये रोते ही नहीं," ते म्हणाले. "सर के टाइम में भी कागज सूखा ही निकलता था।"

"फिर आठ कहाँ से आया?"

गुरमेल सिंगांनी हातातला गिनिपिग पिंजऱ्यात ठेवला. "उस साल जून में तीन दिन बिजली नहीं थी जी। गर्मी में सारे मर गए। बाद में खरगोश मँगवाए थे।"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तक्ता घेऊन सरांच्या खोलीत गेली.

"चाळीस डोळे झाले, सर. सरासरी अर्धा मिलिमीटर." मग तिने विचारलं, "तुमच्या प्रबंधात जनावरं कोणती होती?"

सरांनी चष्मा काढला. "गुरमेलने सांगितलं?"

"मी विचारलं, म्हणून सांगितलं."

"पहिल्या सहा गिनिपिगमध्ये मलाही शून्यच आलं होतं," ते म्हणाले. "वाटलं, आपल्याला जमत नाही. मग ते मेले. सशांमध्ये आठ आलं तेव्हा बरं वाटलं. नाव मात्र गिनिपिगचंच ठेवलं. विषय तो मंजूर झाला होता."

"माझे सात आठवडे गेले, सर." हे बोलायचं तिने ठरवलं नव्हतं.

"हो. तुझ्याआधी अविनाश होता. त्याला गिनिपिगमध्ये सात आले होते. कुठून आले, ते मी त्याला कधी विचारलं नाही."

आठवड्याने त्यांनी तिला एक पत्र वाचायला दिलं. प्रबंधावरचा जुना लेख ज्या नियतकालिकात आला होता, त्याच्या संपादकांना लिहिलेलं. त्यात 'नजरचुकीने' असा शब्द होता.

"सर, नजरचूक नव्हती."

त्यांनी तो शब्द खोडला. त्या जागी 'मी जाणूनबुजून' असं लिहिलं आणि पत्र टंकायला पाठवलं.

हिवाळ्यात नियतकालिकात पाच ओळी छापून आल्या. संस्थेने चौकशी समिती नेमली, निरोप समारंभ रद्द केला. देवस्थळी साताऱ्याला गेले. औषधाची चाचणी सशांवर झाली आणि उल्काच्या नेमणुकीची मुदत वाढवली गेली नाही. आपल्याला मोकळं वाटेल, अशी तिची कल्पना होती. प्रत्यक्षात ती थकून गेली होती. पिंजौरजवळच्या एका पशुचिकित्सालयात तिला नोकरी मिळाली.

तिचा तक्ता २०००मध्ये प्रसिद्ध झाला. महिन्याभरात साताऱ्याहून पोस्टकार्ड आलं : 'लेख वाचला. उजव्या आणि डाव्या डोळ्यांचे आकडे वेगळे द्यायला हवे होते.'

तिने वही काढून पाहिलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं.