चिंध्यांचा डोंगर

विट्याच्या क्रांतीचा नवरा जयराज कोइमतूरला गलाईचं दुकान चालवायचा. जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचा. गावच्या यात्रेला आठ दिवस यायचा, तेवढाच. लेक शिवांजली लग्न होऊन लोणंदला गेली आणि दुमजली घरात क्रांती एकटीच उरली. सकाळची आमटी संध्याकाळी गरम करायची. कधी कधी अख्ख्या दिवसात दूधवाल्याशी दोन शब्द, एवढंच तिचं बोलणं व्हायचं.

म्हणून ती दर शनिवारी एसटीनं सांगलीला शरयूताईंकडं शिकायला जाऊ लागली. ताई चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. कापडाच्या तुकड्यांतून डोंगर, शेतं उभी करायच्या. चित्र कागदावर काढायचं, त्याच्या भागांना नंबर द्यायचे, कापड कागदाच्या मागं धरायचं आणि पुढून रेघेवर मशीन मारायची. एक तुकडा उलगडून इस्त्री केला की पुढचा नंबर. शेवटी कागद फाडून काढायचा.

क्रांतीनं गच्चीवरून दिसणारा, उजव्या अंगाला देऊळ असलेला डोंगर निवडला. आभाळाला लेकीचा शाळेचा निळा ड्रेस कापला. दीड महिन्यानं कागद फाडला, तर चित्र उलटं!

"ताई, देऊळ डावीकडं गेलं की!"

"कापड मागून लागतं ना, म्हणून. आधी कागद पालथा घालून गिरवायचा असतो. सांगायचं राहूनच गेलं बघ माझं."

क्रांतीनं सगळं पुन्हा शिवलं. काम वाढलं याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही.

यात्रेला जयराज आला. तिनं डोंगर पलंगावर पसरला. तो वाकून एकेक तुकडा बघू लागला. मग एका हिरव्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाला, "हितनं आमी शेरडं घिऊन वर जायचो." थोड्या वेळानं म्हणाला, "ह्यो मी घिऊन जाऊ?"

"आवं, हॉलमधी लावायला केलाय मी."

"तुला गच्चीवर गेलं की खरा दिसतोय. माझ्या दुकानावरच्या खोलीच्या खिडकीतनं नुसती भिंत दिसती गं."

बावीस वर्षांत त्या खोलीबद्दल तो पहिल्यांदाच बोलला होता. तिनंही कधी विचारलं नव्हतं. तिनं डोंगराची घडी टॉवेलात गुंडाळली आणि त्याच्या बॅगेत तळाशी ठेवली.

पुढच्या शनिवारी ताईंनी विचारलं, "आता काय शिवणार?" क्रांती नुसतीच कापडं नीट लावत बसली आणि पाचच्या गाडीनं परतली.

रविवारी जयराजचा व्हिडिओ कॉल आला. भिंतीवर डोंगर, खाली खाट, खाटेवर वाळत टाकलेला टॉवेल.

"उजवी बाजू जरा वर घ्या," ती म्हणाली.

तो खिळा काढत होता, तेवढ्यात खालून दुकानात आलेल्या गिऱ्हाइकानं हाक मारली. "थांब गं, आलोच," असं तिला म्हणत फोन खाटेवर टाकून तो जिना उतरला. पडद्यावर आता फक्त छताचा पंखा फिरत होता. त्याची घरघर ऐकत क्रांती बराच वेळ बसून राहिली. मग तिनंच फोन बंद केला.