वगळलेली चाचणी

“मीच काहीतरी भलतं दाबलं असणार,” दार उघडता उघडता ताई म्हणाली. “सकाळपासून मशीन मुकं आहे रे.”

ताईला दिसत नाही. पडद्यावरचं सगळं संगणक तिला वाचून दाखवतो, आणि त्याच्या भरवशावर ती भाषांतरं करते. ती प्रणाली आता दारात उभ्या असलेल्या धाकट्या भावानंच बसवून दिली होती. तिच्यात रोजच्या रोज बदल येत राहतात. पोटातला एखादा भाग बदलला की त्यावर उभी असलेली पॅकेजेस, म्हणजे एकेका कामाचे प्रोग्राम, पुन्हा बांधावी लागतात. हौशी लोक ती आपसात वाटून सांभाळतात. वाचून दाखवणारं पॅकेज त्याच्या वाट्याचं.

परवा असाच एक भाग बदलला आणि त्याचं पॅकेज बांधलंच जाईना. बांधताना आपोआप होणारी एक चाचणी नापास होत होती. आवाज निघतो की नाही, एवढंच ती पाहायची. तिच्यापायी बाकीच्यांचं काम खोळंबलं होतं. चाचणीच जुनी झाली असेल, असं म्हणून त्यानं ती वगळली. पॅकेज बिनबोभाट तयार झालं. लोकांनी पाठ थोपटली, तीही त्यानं मजेत थोपटून घेतली.

“आज परीक्षा होती ना तुझी? नव्या ऑफिसची?”

“हो ना. फोन करून सांगितलं, मला मशीन जमत नाहीये. तिथल्या बाई म्हणाल्या, आम्हाला वाटलंच होतं.” ताई हसली. “तू उगाच कामं टाकून आलास.”

तो मशीनसमोर बसला. त्यानं जुनी आवृत्ती परत बसवली, बाकी सगळ्यांसाठीही तीच पुन्हा लागू केली. मशीन बोलू लागलं.

“बघ! तुझा हात लागला की झालं!”

एवढ्यावरच उठावं, असं त्याला वाटलं. उठलाही. मग तसाच उभ्या उभ्या बोलला, “ताई, तू काही दाबलं नव्हतंस. आवाजाची चाचणीच वगळली होती मी. सगळ्यांचं काम अडलं होतं म्हणून.”

ताईचं हसू हळूहळू मावळलं.

“त्या बाईंना मी फोन करू?”

“जागा भरलीसुद्धा त्यांनी, मघाशीच कळवलं.” मग तिनं विचारलं, “माझ्यासारखे आणखी किती जण असतील?”

“माहीत नाही.”

“ते सगळे आत्ता स्वतःलाच बोल लावत असतील. सांग त्यांना.”

“घरी जाऊन सगळ्यांना लिहितो.”

“इथंच लिही.” तिनं खुर्ची पुढे सरकवली.

तो लिहू लागला. मशीन एकेक शब्द मोठ्यानं, सपाट आवाजात उच्चारत होतं. चाचणी. मी. अनवधानानं.

ताईची मान किंचित वळली.

त्यानं शेवटचा शब्द काढून टाकला. “खोडलं,” मशीन म्हणालं.