हाराखाली अडकलेला निरोप

मित्रांनो, काचेच्या कपाटातून बोलतो आहे, म्हणून माझा आवाज दबका वाटेल. एके काळी माझ्या खडखडाटाने धायरीतले आमचे वर्कशॉप दणाणून जाई. मी एक जुना प्रिंटर आहे.

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून मला आमच्या मालकांनी, हिंदुरावांनी आणले. शेत गेले, तेव्हा उरल्या तुकड्यावर त्यांनी लोखंड कातायचे लेथ मांडले आणि मोटारींच्या कारखान्याला ब्रॅकेट पुरवू लागले. मग कारखान्याने नवी तऱ्हा काढली. कोणता माल कधी हवा, हे त्यांचा संगणक टेलिफोनच्या तारेतून थेट आमच्या संगणकाला कळवी आणि मी ते कागदावर उतरवत असे. कारखाना साठा ठेवत नसे. आमचा माल चुकला की त्यांची मोटारी जोडायची सगळी लाइन ठप्प! "एकदा जरी चुकलात, तर काम दुसऱ्याला," असे त्यांनी बजावलेच होते. माझी खडखड ऐकली की लेथवरचा रतन धावत येई. "बोलला आपला पोशिंदा!" म्हणे. मी फुशारून जाई, खोटे कशाला सांगू?

खंडेनवमी आली. यंत्रांना सुट्टी. पण कारखाना चालू होता, म्हणून हिंदुरावांची मुलगी शेफाली अडून बसली. "बाबा, कॉम्प्युटर आणि प्रिंटर चालू राहू द्या. मेसेज आला तर?"

"ऱ्हाऊ दे की. पर हार घालनार. त्ये बी आपलं यंत्रच हाय."

मला गळा नाही. झेंडूचा घसघशीत हार कागद बाहेर येतो त्या फटीवरच बसला. प्रसाद घेऊन सगळे पांगले. राखणीला रतन थांबला.

दुपारी निरोप आला. परवाचा माल उद्या सकाळीच हवा होता. माल तयार होता, पेट्यांत भरलेला. मी छापू लागलो, तर पाकळ्या कागद सरकवणाऱ्या रुळात गेल्या आणि कागद जागचा हलेना. एकाच जागी ओळीवर ओळ, ओळीवर ओळ, नुसती काळी पट्टी! जीव तोडून ओरडत होतो मी. रतन आला, वाकला. हार नुसता उचलला असता तरी ती काळी पट्टी दिसली असती. पण उत्तरपूजेआधी मांडलेली पूजा हलवायची नाही, हे त्याच्या हाडीमांसी खिळलेले. "कागद तर आला न्हाई. उगाच खडखडतंय," म्हणत त्याने मला हात जोडले आणि तो बाहेर जाऊन बसला. कोंडमारा म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळले.

दसऱ्याच्या सकाळी कारखान्यातून साहेबांचा फोन आला. "हिंदुराव, देवाची सुट्टी आमच्या लाइनलाही कळवायची होती!" टेम्पो धावला, पण लाइन थांबली होती. काम गेले. निम्मे लेथ विकले आणि दिवाळीआधी रतनला घरी बसावे लागले.

शेफालीने रुळातली पाकळी काढून दाखवली. "देवाच्या फुलाला बोल लावू नगं," एवढेच हिंदुराव म्हणाले. पुढे भंगारवाला मला न्यायला आला, तेव्हा त्यांनी त्याला हाकलले. "पुजल्यालं यंत्र इकत न्हाईत!" आणि मला या कपाटात कुलूप घालून ठेवले. किती हा मान!

मित्रांनो, यंत्राची पूजा जरूर करा. पण ते ओरडू लागले, तर आधी फुले बाजूला करून बघा.

दर खंडेनवमीला कपाट उघडते, हार पडतो, कपाट बंद होते. रतनही न चुकता येतो. यंदा केस पिकलेला रतन काचेपुढे हात जोडून बराच वेळ उभा राहिला. उद्या सकाळी माल पाठव, हे मला अजून त्याला सांगायचे आहे.