दादाची उंच रोपं

माझा थोरला भाऊ आयुष्यभर एका कंपनीत लोकांना ट्रेनिंग देत आला. कसलं, ते त्यालाही कधी धड सांगता आलं नाही. वहिनी गेल्यावर तो माझ्याकडे राहायला आला आणि त्याच्या ट्रेनिंगला मी एकटीच उरले.

मी घरीच कपडे शिवते. घरात उजेडाची खिडकी एकच, आणि मशीन तिच्याचपाशी. आमच्याकडे थंडी रेंगाळते, ढग हटता हटत नाहीत. काळ्या कापडावर काळी शिलाई घालायची तर ती खिडकीच हवी. एके दिवशी गिऱ्हाईकाकडून परत आले, तर मशीन पॅसेजमध्ये आणि खिडकीत मातीचे ट्रे!

"टोमॅटो," दादा म्हणाला. "बी रुजायला ऊब लागते आणि रोपाला उजेड. तुझं काय, उसवलेल्या पँटी बल्बखालीही शिवून होतात."

"हे किती दिवस चालणार?"

"निसर्गाला असं विचारत नाहीत."

बी रुजलं. त्यात त्याची करामत एवढीच, की ट्रेखाली हीटर लावला होता. कोंब वर आले की ऊब कमी करायची, नाहीतर रोपं नुसती लांबतात, हे त्यानेच व्हिडिओत पाहिलं होतं आणि जिन्यात भेटेल त्याला ऐकवलं होतं. पण खिडकीपाशी स्वतः खुर्ची टाकून बसायचा ना! त्याला थंडी वाजायची, म्हणून हीटर चालूच. मोबाइलवर उजेड पडायचा, म्हणून पडदा अर्धा ओढलेला. रोपं बिचारी उरलेल्या फटीकडे माना ताणत राहिली. पांढुरकी, सुतासारखी बारीक, काचेला टेकलेली.

"बघ, वीतभर झाली!" दादा खूश.

"उभी कुठे आहेत? टेकलीत."

"तुला त्यातलं काय कळतं?"

खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात, दवाखानाही घरातच. त्यांनीही काचबंद बाल्कनीत टोमॅटो लावले होते. एक कुंडी त्या हौसेने दाखवायला घेऊन आल्या. रोप आखूड, खोड जाड, पानं गडद हिरवी.

दादा चष्म्यावरून बघत म्हणाला, "खुजं आहे हो. खत वगैरे घालत नाही वाटतं?"

"थंडच ठेवते मी. दिवसभर उजेड मात्र मिळतो. आणि येता-जाता हात फिरवते, खोड दणकट होतं म्हणे."

मग दादाने त्यांना रोपं कशी वाढवावीत यावर भाषण दिलं. बाई दाराशी कुंडी हातात धरून उभ्या. खाली त्यांचा पेशंट खोळंबला होता. म्हणजे तिथे एकाचा जबडा उघडा, इथे दुसऱ्याचा.

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोलले नसते. पण दादाने बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं: रविवारी सकाळी खाली टोमॅटोच्या रोपांचं मोफत वाटप आणि मार्गदर्शन. शुक्रवारी बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं. रोपांवर जरा रंग चढावा म्हणून त्याने सगळे ट्रे गच्चीवर नेऊन ठेवले. घरातली रोपं बाहेर काढायची तर रोज थोडा थोडा वेळ, आडोशाला ठेवून, असं हाच लोकांना सांगत फिरायचा. त्या दिवशी बाहेर वारा असा, की कान बधिर व्हावेत. साहेब रोपं ठेवून खाली आले, जेवले आणि झोपले.

संध्याकाळी मी वाळत घातलेलं कापड काढायला गेले. एकही रोप उभं नव्हतं. ओल्या सुतासारखी ट्रेभर पसरलेली, पानं पांढरी पडलेली.

"बी बोगस होतं," दादा म्हणाला. "आणि तुझं मशीन. दिवसभर घर हादरतं. मुळं धरणार कशी?"

मी हातातली कात्री खाली ठेवली. ठेवलेलीच बरी होती.

शनिवारी दुपारी तो दोन पिशव्या छातीशी धरून आला आणि थेट बाथरूममध्ये शिरला. दार नीट लागलं नव्हतं. डोकावले, तर स्टुलावर बसून रोपवाटिकेतली रोपं प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून काढून आपल्या कागदी पेल्यांत बसवत होता. बोटं किती नाजूक चालत होती! स्वतःच्या रोपांना त्याने असा कधी हात लावला नव्हता.

"काय चाललंय?"

"मार्गदर्शन करायचं तर नमुना नको का?"

रविवारी खाली बरीच मंडळी जमली. फुकट म्हटल्यावर जमणारच. डॉक्टरीणबाईंनी एक पेला उचलून निरखला.

"परवापर्यंत केवढी उंच होती! आखूड कशी झाली?"

"खोल लावली," दादा अगदी शांतपणे म्हणाला. "खोड मातीत गेलं की तिथूनही मुळं फुटतात."

हे खरं आहे. त्याच्या तोंडून खरंसुद्धा खोटं होऊनच बाहेर पडतं.

"आणि पानं इतकी हिरवी?"

"मेहनत, बाई. हिला विचारा ना. माझी बहीण. सगळं हिच्या डोळ्यांदेखत झालंय."

"हो," मी म्हटलं. "काल दुपारी याने रोपवाटिकेतून आणली, माझ्या डोळ्यांदेखत पेल्यांत घातली. याची स्वतःची गच्चीवर मेली."

कुणीतरी फिस्सकन हसलं. दादा पेल्यांची रांग सरळ करायला लागला. लोकांनी एकेक पेला उचलला आणि घरं गाठली. मार्गदर्शनाला कुणी थांबलं नाही.

वर आल्यावर तो म्हणाला, "चारचौघांत भावाची अब्रू घालवलीस."

"तुझी होती कुठे? रोपवाटिकेची वाचवली. धर ते टोक."

आम्ही मशीन उचलून खिडकीशी आणलं. मी शिवायला बसले. तो दुपारभर या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिला. मग डॉक्टरीणबाईंनी त्याला बाल्कनी बघायला बोलावलं. माणसं फार चांगली असली की त्यांना असलं काहीतरी सुचतं. दादा स्वेटरवर कोट चढवून गेला आणि थोड्याच वेळात लाल नाक घेऊन परत आला.

"बाईला कुंड्यांची दिशा कळत नाही," तो म्हणाला. "उद्या जाऊन नीट समजावतो. चहा टाकतेस का?"

मी मान वर न करता शिलाई पुढे नेली.