डाव्या हाताच्या गाठी

लेकीचे, अनुयाचे, तेरा दिवस झाल्यावरही वीणाताई तिच्या वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये राहिल्या. अनुया जुने गालिचे दुरुस्त करायची. तिच्या टेबलावर एक बलुची नमाजाचा गालिचा तसाच पसरलेला होता. शंभरेक वर्षांचा, उंटाच्या रंगाच्या जमिनीवर एकच झाड, वर कमान, आणि कमानीच्या दोन्ही अंगांना, हात टेकायच्या जागी, विणलेले दोन पंजे. पंजांच्या कडा काळ्या. त्या काळ्यात लोखंड असतं, तो रंगच लोकरीला खातो, असं अनुया सांगायची. तिलाही आतून काय खात होतं ते कळायला उशीर झाला.

एका पंजाची झिजलेली कड तिनं भरली होती, दुसरी राहिली होती. शनिवारी गालिच्याचा दुकानदार तो न्यायला येणार होता. गाठ मारायला वीणाताईंना तिनंच शिकवलं होतं, गेल्या मुक्कामात, शेजारी बसून. त्यांनी ठरवलं, उरलेलं आपण पुरं करायचं, पोरीचं नाव जाऊ द्यायचं नाही.

पण खिडकीच्या उजेडात पाहिलं तर सगळ्या गालिच्याची लोकर डावीकडे कललेली, आणि अनुयानं भरलेली तेवढी उजवीकडे. दुखण्यात हात चुकला असेल, त्यांना वाटलं. चार दिवस त्या मान मोडून बसल्या. चिमट्यानं तिच्या गाठी एकेक करून उपसल्या, नव्यानं घातल्या. मग दुसरा पंजाही भरला.

शुक्रवारी जावई सारंग ऑफिसातून आला, गालिच्यावरून हात फिरवला आणि तसाच थांबला.

"आई, हे अनुयाचं काम नाही."

"उलटं झालं होतं तिचं. सरळ केलं मी."

तो खाली बसला. "डावखुरी होती ती. घरात सगळं डाव्यानंच, फक्त गाठी उजव्यानं. तुम्ही यायचात तेव्हा तेवढा उजवा." पंजाच्या कडेवर बोट ठेवून म्हणाला, "शेवटच्या महिन्यात म्हणाली, आता कामही डाव्यानंच करते. उलटं पडलं तर पडू दे."

वीणाताईंना परकराची नाडी आठवली. चार वर्षांची अनुया डाव्या हातानं जेवायची, म्हणून महिनाभर जेवताना तो हात त्यांनी तिच्या कमरेला बांधला होता. पोर रडली नव्हती. खोड कशी मोडली, हे त्या पुढं कितीतरी वर्षं कौतुकानं सांगत.

सारंगनं त्या उपसलेल्या गाठी मागितल्या.

"रोजच्या रोज कचऱ्याच्या शूटमध्ये टाकल्या," त्या म्हणाल्या.

शनिवारी दुकानदार आला. कुठं हात लागलाय ते कळतसुद्धा नाही, अशी त्यानं तारीफ केली आणि गालिचा गुंडाळून नेला. वीणाताई स्वयंपाकघरात गेल्या, भिंतीतून थेट तळमजल्यापर्यंत जाणाऱ्या त्या शूटचं झाकण उघडून उभ्या राहिल्या. खालून नुसता वास येत होता.