फाटक लावणारी

व्हर्नानं पहिल्या रांगेतल्या बरोबर मधल्या खुर्चीवर स्वेटर टाकला, शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली आणि दोन पावलं मागे सरून, खुर्ची लेखिकेच्या टेबलासमोर नीट येते का ते पाहिलं. येत नव्हती. तिनं टेबल सरकवलं.

"कार्यक्रम दोनला आहे," तिची मैत्रीण डल्सी म्हणाली. "अजून एकसुद्धा वाजला नाही."

"म्हणूनच जागा मिळाली."

हॉर्शमच्या वाचनालयात त्या वेळी या दोघींखेरीज ग्वेंडा नावाची नवी ग्रंथपाल होती आणि एक म्हातारा होता. तो वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपला होता. जागेसाठी झुंबड उडाली होती असं काही म्हणता येणार नाही. पण चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या व्हर्नाचं मत असं, की दुसऱ्या रांगेत बसणाऱ्यानं आपल्या नशिबाला दोष देऊ नये, स्वतःला द्यावा.

मिनयारा या तिच्या गावापासून दोनशे किलोमीटरच्या आत कुणी लेखकानं तोंड उघडलं आणि व्हर्ना समोर नाही, असं गेल्या तीस वर्षांत झालं नव्हतं. तिनं कवी ऐकले, खूनकथावाले ऐकले. काटेरी तारेच्या कुंपणाचा इतिहास लिहिलेला एक गृहस्थही ऐकला. त्याला तीन श्रोते होते, त्यातली एक त्याची बायको. व्हर्नानं त्यालाही प्रश्न विचारला, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिला प्रश्न तिचाच असे. या भागातले लोक तिला नावानं ओळखत नसत. 'पहिली रांग' म्हणत.

घरी तिच्याकडे सह्या केलेली दोनशे अठरा पुस्तकं होती. सही पुस्तकाच्या नावाच्या पानावर हवी, शाईची हवी, आणि वर 'व्हर्नासाठी' हवं. नुसती सही म्हणजे बँकेचा चेक, असं ती म्हणे.

डल्सी काही वाचत नसे. व्हर्नाची नजर अधू झाल्यापासून गाडी डल्सीची आणि हौस व्हर्नाची, अशी वाटणी होती. इथल्या रीतीप्रमाणे येणाऱ्यानं चहाबरोबर काहीतरी करून आणायचं असतं. डल्सी लिंबाच्या वड्या आणी आणि साहित्याचं मूल्यमापन चहाच्या टेबलावरून करी.

"तो दाढीवाला होता ना, त्याच्या वेळचे सॉसेज रोल गरम होते," ती म्हणाली. "चांगला लेखक."

"त्याचं एक पान तरी वाचलंस का?"

"रोल पाच खाल्ले."

लोक येऊ लागले तशा ग्वेंडानं सगळ्यांना पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या. आपलं नाव स्वच्छ लिहून नावाच्या पानावर चिकटवायचं, म्हणजे लेखिकेला स्पेलिंग विचारावं लागत नाही. व्हर्नानं आपली घरूनच आणली होती, ठळक अक्षरांत. एका कवीनं मागे तिला 'व्हेरा' केलं होतं. ते पुस्तक ती अजून उलटं ठेवते.

आज कादंबरीकार इमोजन लॉकयर येणार होती. व्हर्नाच्या दृष्टीनं हा कार्यक्रम साधा नव्हता. नऊ वर्षांपूर्वी, इमोजन नवखी असताना, अरारटला तिचं पहिलं वाचन झालं होतं. तिथं व्हर्नानं एक प्रश्न विचारला आणि इमोजननं तिच्या पुस्तकावर जे लिहून दिलं, ते व्हर्नाला पाठ होतं. दोनशे अठरांतलं ते एक पुस्तक मात्र सध्या शेल्फवर नव्हतं. सह्यांची पुस्तकं ती कुणाला देत नसे, पण सहा वर्षांपूर्वी डल्सीचा पाय मोडला, ती पलंगावर पडून कंटाळली, तेव्हा व्हर्ना विरघळली. पहिलं वर्ष तिनं संकोचानं मागितलं नाही. मग डल्सीचा नवरा नॉर्म आजारी पडला. ज्या घरात औषधाच्या बाटल्या मोजतात, त्या घरी पुस्तक मागायला जायचं नसतं. नॉर्म जाऊन दीड वर्ष झालं, तरी विषय निघाला नव्हता. शेल्फवर एक फट होती, एवढंच.

दोन वाजता चाळीसेक लोक जमले. इमोजन आली, पाणी प्याली, आणि वाचायला लागण्याआधी म्हणाली, "आज येताना वाटेत मिनयाराला थांबले. बेकरीत खाल्लं आणि चर्चमागच्या, दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरले. लेखक असल्या दुकानात का जातात? आपलं पुस्तक तिथं नाही ना, हे बघायला. नसलं की बरं वाटतं. मग मनात येतं, म्हणजे कुणी घेतलंच नव्हतं की काय."

लोक हसले. व्हर्ना सगळ्यांत आधी हसली.

"तर, आज होतं." इमोजननं पिशवीतून निळ्या पाठीचं पुस्तक काढलं. "दोन डॉलर. शेजारी सँडविचचा टोस्टर होता, तो चार डॉलरला. ते जाऊ द्या. आत मी लिहिलंय, 'व्हर्नासाठी, जिनं फाटक लावलं.'"

व्हर्नाचं हसू चेहऱ्यावर होतं तिथंच राहिलं. तिनं मान वळवली. डल्सी छताच्या पंख्याकडे बघत होती. पंखा बंद होता.

"या पुस्तकात एक शेतकरी बायकोशी भांडून, रागानं गाडी काढून निघून जातो," इमोजन सांगत होती. "अरारटला एक बाई उठल्या. म्हणाल्या, 'माणूस रागावला, कबूल. मेंढ्या रागावल्या नव्हत्या. त्यानं फाटक का लावलं नाही?' मी शहरात वाढलेली. मला उत्तर आलं नाही. त्यानंतर मी चार पुस्तकं लिहिली. माझी माणसं रडतात, पळून जातात, एकानं तर खून केला. पण सगळे आधी फाटक लावतात. या बाईंच्या धाकानं." तिनं पुस्तक मिटलं. "चेहरा आठवत नाही. आवाज आठवतो. आणि त्यांनी माझं पुस्तक टोस्टरशेजारी ठेवलं. गंमत म्हणून सांगतेय. बरीचशी गंमतच आहे."

चाळीस माणसं पुन्हा हसली. 'मी नाही दिलं' एवढं म्हटलं असतं तरी व्हर्ना सुटली असती. पण मग कुणी दिलं, हा पुढचा प्रश्न आला असता, आणि पुढचा प्रश्न विचारणारी माणसं कशी असतात हे व्हर्नाइतकं कुणाला ठाऊक होतं? तिनं पर्स मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली.

वाचन झालं. प्रश्नांची वेळ आली. ग्वेंडानं पहिल्या रांगेकडे पाहिलं. मागच्यांनीही सवयीनं पाहिलं. व्हर्ना चपलांकडे बघत राहिली. ती शांतता इतकी लांबली की वर्तमानपत्राखालचा म्हातारा जागा झाला, आणि शेवटी त्यानंच विचारलं, "चहा झाला का?"

सहीच्या रांगेत व्हर्नानं नव्या पुस्तकावरची पिवळी चिठ्ठी नखानं सोडवली आणि मुठीत दाबली. मग स्वेटर अंगात चढवून तिनं हातांची घडी घातली. चिठ्ठी बाहीला चिकटली, कोपराजवळ, ठळक अक्षरं बाहेर. हे व्हर्नाला कळलं नाही. तिच्या मागे उभ्या असलेल्या डल्सीला दिसत होतं.

"चिठ्ठी नाही वाटतं?" इमोजननं विचारलं. "कुणासाठी लिहू?"

व्हर्नानं आयुष्यात पाच हजार पोरांना खोटं बोलू नये असं शिकवलं होतं.

"डल्सी," ती घोगऱ्या आवाजात कुजबुजली.

"घसा बसलाय?"

व्हर्नानं मान हलवली, पुस्तक घेतलं आणि चहाच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

डल्सी पुढं आली. रांगेत उभं राहायला म्हणून घेतलेल्या तिच्या पुस्तकावर आता व्हर्नाच्या बाहीवरची पिवळी चिठ्ठी होती, कडेला स्वेटरची लोकर लागलेली. इमोजननं ती वाचली आणि पेन खाली ठेवलं.

"व्हर्ना? अरारटच्या?"

"मीच ती," डल्सी म्हणाली.

"आवाज वेगळा वाटतोय."

"नऊ वर्षं झाली. तुमचाही बदललाय." डल्सीनं गाडीच्या किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. "हे बघा, पुस्तक मी नाही टाकलं. मैत्रिणीला वाचायला दिलं होतं. तिनं घरातलं एक कपाट आवरलं आणि न बघता सगळं खोक्यात भरून दिलं. बाई तशी बरी आहे, पण पुस्तकातलं तिला काही कळत नाही."

"आणि तुम्ही अजून बोलता तिच्याशी?"

"गाडी तिची आहे."

इमोजननं किल्ल्यांकडे पाहिलं. मग चहाच्या टेबलापाशी पाठ करून उभ्या असलेल्या, घसा बसलेल्या बाईंकडे पाहिलं. त्यांचे खांदे हलत होते, रडण्यानं की हसण्यानं ते मागून कळत नव्हतं. तिनं नव्या पुस्तकावर 'व्हर्नासाठी' लिहून सही केली. मग जुनं, निळ्या पाठीचं पुस्तक ओढलं, जुन्या ओळीखाली काहीतरी लिहिलं, आणि दोन्ही डल्सीच्या हातात दिली.

"याचे दोन डॉलर माझ्याकडून," ती म्हणाली.

गाडी हॉर्शमबाहेर पडली. दोन्ही बाजूंना गहू वीतभर वर आला होता.

"बोल काहीतरी," डल्सी म्हणाली. "शिव्या तरी घाल."

"मी शिव्या देत नाही."

"मग माझं व्याकरण काढ."

व्हर्नानं 'डल्सीसाठी' लिहिलेलं आपलं पुस्तक मागच्या सीटवर ठेवलं आणि 'व्हर्नासाठी' लिहिलेली दोन्ही मांडीवर घेतली. हिशेब जुळला. "पुस्तकातलं कळत नाही, हे बरोबर बोललीस," ती म्हणाली. "वाक्यरचनाही चांगली होती."

"मी ते उघडलंसुद्धा नव्हतं गं. स्वयंपाकघरात टेबलावर होतं, मग दिसेना. मला वाटलं, तूच नेलंस. मार्चमध्ये नॉर्मच्या उशाकडचं कपाट रिकामं केलं. त्या दिवशी मी काही बघत नव्हते. नुसती भरत होते."

व्हर्नानं निळ्या पाठीचं पुस्तक उघडलं. जुन्या ओळीखाली नवी ओळ होती: 'पुन्हा व्हर्नासाठी. गाडीवालीला सोडू नका.'

"काय लिहिलंय?"

"गाडी हळू चालव, असं लिहिलंय."

ती पानं चाळू लागली. वाचनापेक्षा तपासणी होती ती. सहा वर्षं परगावी राहून आलेल्या मुलाचे कान बघावेत तशी. चौथ्या प्रकरणात, शेतकरी गाडी काढून निघून जातो तिथंच, एक कागद निघाला. गव्हाचा ट्रक वजनकाट्यावर तोलल्याची पावती, खाली नॉर्मची सही. आणि त्या पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलनं लिहिलं होतं.

समासात लिहिणाऱ्या माणसाबद्दल व्हर्नाची मतं फार जहाल होती. तिच्या पर्समध्ये त्यासाठी खास खोडरबर असे. वाचनालयाची पुस्तकंसुद्धा ती पुसून परत करी. तिनं पर्स उघडली, खोडरबर काढलं, चष्मा नाकावर चढवला.

अक्षर मोठं होतं, तिरकं होतं, पावतीवरच्या सहीसारखंच. 'फाटक लाव रे गाढवा.'

पुढच्या पानांवर काही नव्हतं. पावती तिथंच होती.

 व्हर्नानं खोडरबर तसंच पर्समध्ये टाकून चेन लावली.

मिनयाराच्या अलीकडे डल्सीच्या शेताचा फाटा आला. कार्यक्रमानंतरचा चहा नेहमी डल्सीकडेच होई. फाटकापाशी गाडी थांबली. गाडी चालवणाऱ्यानं उतरायचं नसतं. शेजारी बसलेल्यानं उतरून फाटक उघडायचं, गाडी आत गेली की लावायचं. व्हर्नानं पुस्तक चौथ्या प्रकरणाशी उघडून, पालथं न घालता, आपल्या सीटवर ठेवलं. उघडं पुस्तक असं ठेवलेलं ती इतर कुणाचं खपवून घेत नसे.

"पडेल ना ते," डल्सी म्हणाली.

"मग धर जरा."

तिनं उतरून साखळी काढली, फाटक ढकललं. गाडी आत जाऊन पाचेक हातांवर थांबली. व्हर्नानं फाटक लावलं, साखळी खिळ्यात अडकवली आणि वळली. गाडीच्या काचेतून डल्सी दिसत होती. तिनं चष्मा लावला होता. मान खाली होती. एक बोट पानाच्या समासावर टेकलेलं होतं आणि हलत नव्हतं.

इंजिन चालू होतं. मावळतीचं ऊन काचेवर येत होतं, तरी डल्सीनं मान वर केली नाही.

व्हर्ना पुन्हा फाटकाकडे वळली. साखळी खिळ्यातून काढून तिनं नीट बघितली, पुन्हा अडकवली, ओढून पाहिली. मग पुन्हा काढली.